वाचकांचे प्रश्न : १९९५चा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आज पाहताना

व्हिडिओ गेमवरून निघालेल्या जुन्या चित्रपटांबद्दल आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे ‘मॉर्टल कॉम्बॅट’ची आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : मी हा गेम कधीच खेळलेले नाही. नवरा आणि दीर लहानपणी पार्लरमध्ये जाऊन खेळायचे. आता घरच्या सगळ्यांनी मिळून चित्रपट पाहायचा बेत आहे. मला काही कळेल का? – वाचक, सांगली

उत्तर : नक्की कळेल. गेम न खेळलेल्या माणसाचे इथे काहीच अडत नाही, आणि आमच्या मते हेच या चित्रपटाचे मोठे बळ आहे. १९९२च्या गेममध्ये कथा अशी फारशी नव्हती. दोन योद्धे समोरासमोर, एक हरला की पुढचा, शेवटी चार हातांचा गोरो आणि त्याच्यानंतर जादूगार शांग त्सुंग. दिग्दर्शक पॉल अँडरसन यांनी वेगळी कथा रचून तिच्यात गेम कोंबण्याचा खटाटोप केला नाही, ती स्पर्धाच कथा म्हणून ठेवली. त्यामुळे पुढे काय होणार याचा अंदाज असूनही माणूस जागचा उठत नाही.

एवढे लक्षात ठेवून बसा. पृथ्वी आणि ‘आउटवर्ल्ड’ नावाचे दुसरे जग यांच्यात पिढीतून एकदा स्पर्धा होते. आउटवर्ल्डने सलग दहा वेळा जिंकले तर पृथ्वीवर चालून येण्याचा हक्क त्यांना मिळतो, आणि नऊ वेळा ते जिंकलेले आहेत. पृथ्वीकडून तिघे मुख्य आहेत. ल्यू कँग भावाच्या खुनाचा सूड घ्यायला आला आहे. जॉनी केज हा सिनेनट आहे, आणि त्याची मारामारी खोटी असते असे लोक म्हणतात, ते त्याला खोडून काढायचे आहे. सोन्या ब्लेड केनो नावाच्या गुन्हेगाराच्या मागावर आहे. रेडन हा विजेचा देव त्यांना वाट दाखवतो, पण स्वतः लढत नाही.

गेम खेळलेल्यांना जास्तीचे काय मिळते, ते दिरांना विचाराच. शांग त्सुंगच्या बाजूचा मुखवटाधारी योद्धा स्कॉर्पियन याच्याशी झालेल्या लढतीनंतर जॉनी केजचा सही केलेला फोटो जमिनीवर पडलेला दिसतो. गेमच्या दुसऱ्या भागात तो हरलेल्याला असाच फोटो देतो. गोरोसमोर पाय फाकून खाली बसत मारलेला ठोसा गेममधून जसाच्या तसा उचलला आहे. रेप्टाइल हा गेममध्ये लपवून ठेवलेला योद्धा होता, ठरावीक अटी पुऱ्या केल्यावरच तो समोर यायचा. चित्रपटातही तो बराच वेळ अदृश्य सरड्याच्या रूपात आजूबाजूला वावरतो आणि शरीर मिळाल्यावर मगच लढतो. न खेळलेल्याला ही साधी गंमत वाटते, खेळलेला मात्र खुर्चीतून पुढे सरकतो.

प्रश्न : माझ्याकडे याची जुनी व्हीसीडी आहे, दोन डिस्कची. ४३ इंची टीव्हीवर माणसे जाड आणि बुटकी दिसतात, अंधाराच्या दृश्यांत चौकोन चौकोन होतात आणि दुसरी डिस्क मध्येच अडकते. काही उपाय? – वाचक, डोंबिवली

उत्तर : ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, त्यांचे उपायही वेगळे.

माणसे बुटकी दिसतात ती टीव्हीमुळे. व्हीसीडीचे चित्र ४:३ प्रमाणाचे असते आणि टीव्ही ते १६:९ च्या पडद्यावर ताणतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. ज्या चित्रपटात माणसाच्या शरीराची चपळाई पाहायची, त्यात हे चालणार नाही. रिमोटवरून चित्राचा आकार ४:३ करा. डावी-उजवीकडे काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. मग पाहा, त्या ४:३ च्या चौकटीत वर-खालीही काळे पट्टे आहेत का? असतील तर ‘झूम’ करा, पडदा व्यवस्थित भरेल. नसतील तर चित्राच्या कडा आधीच कापलेल्या आहेत. अशा वेळी झूम केले तर डोकी आणि पाय जातील.

चौकोनांवर इलाज नाही, कारण माहिती मुळातच कमी आहे. आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचे असते, म्हणजे एकूण लाखभर ठिपके. फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून अधिक असतात. शिवाय चित्रासाठी सेकंदाला ११५० किलोबिट इतकीच जागा ठरलेली असते. दोन माणसे बोलत बसलेली असतील तर तेवढी पुरते. धूर, ज्वाळा आणि वेगाने फिरणारे पाय एकदम आले की पुरत नाही, आणि या चित्रपटात तर तेच जास्त आहे. टीव्हीतली ‘शार्पनेस’ कमी करा, म्हणजे चौकोनांच्या कडा तरी बोचणार नाहीत. शिवाय लांब बसा, ४३ इंचांसाठी चार मीटर.

डिस्क अडकते याचे कारण व्हीसीडीच्या रचनेत आहे. डिस्कवरच्या माहितीच्या प्रत्येक २३५२ बाइटच्या तुकड्यात २३२४ बाइट चित्र-आवाजालाच दिलेले असतात. संगणकाच्या साध्या सीडीवर चुका दुरुस्त करण्यासाठी जी राखीव माहिती असते, ती इथे काढून टाकलेली आहे. एका डिस्कवर सुमारे सव्वा तास चित्रपट बसतो तो त्यामुळेच, आणि थोड्या ओरखड्याने गाडी थांबते तीही त्यामुळेच. मऊ सुती कापड साबणाच्या पाण्यात किंचित ओले करून मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसू नका. तसा ओरखडा उठला तर तो माहितीच्या वाटेलाच समांतर जातो आणि सलग मोठा भाग वाचता येत नाही. मग डिस्क उजेडासमोर धरा. बारीक भोके दिसली तर लेबलखालचा चकचकीत थर गेलेला आहे, तो परत येत नाही. भोके नसतील तर संगणकाच्या ड्राइव्हमध्ये कमी वेगाने वाचून पाहा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा वाचतो, असे पुष्कळदा होते.

आणखी एक. मूळ चित्रपट १०१ मिनिटांचा आहे. पॅल डिस्कवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रे चालतात, म्हणून तो सुमारे ९७ मिनिटांतच संपतो आणि आवाज किंचित वरच्या पट्टीत जातो. तुमच्या डिस्कवर काही कापले आहे असे त्यावरून समजू नका. तरीही मनापासून सांगायचे तर व्हीसीडी आठवण म्हणून जपा आणि पाहण्यासाठी ब्लू-रे किंवा अधिकृत ऑनलाइन प्रत घ्या. या चित्रपटातल्या बऱ्याच लढती काळोखात आहेत, आणि व्हीसीडी नेमका काळोखच खाते.

प्रश्न : चांगली एचडी प्रत असूनही चित्रपट दूरदर्शनवरच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. संगीत घर हलवते, पण संवाद ऐकू येत नाहीत. – वाचक, नाशिक

उत्तर : गुळगुळीतपणा टीव्ही घालतो. सेकंदाला २४ चित्रांच्या मध्ये तो स्वतः बनवलेली चित्रे भरतो. ही सोय बंद करा. सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा जुन्या संचांत ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीमध्ये ‘मोशनफ्लो’ या नावाने ती असते. मारामारीत याचा दुहेरी तोटा होतो. लाथेचा झटका बोथट होतो, आणि हात-पाय फार वेगाने हलले की त्यांच्या कडेला चित्र वितळल्यासारखे दिसते, कारण मधले चित्र कसे असावे याचा टीव्हीचा अंदाज चुकतो.

त्याच वेळी चित्राची पद्धत ‘मूव्ही’, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. सुरुवातीला चित्र पिवळसर वाटेल, दहा मिनिटांत डोळे सरावतील. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, पण सोनीच्या संचात मधला ५० हाच तटस्थ आकडा असतो, तिथे तो तसाच राहू द्या. खोलीतला मोठा दिवा बंद करून टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा.

संवादांचे म्हणाल तर पाच स्पीकर आणि एक बास अशा मांडणीत संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असले की सगळे एकत्र मिसळते आणि संवाद दबतात. प्लेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘स्टीरिओ’ किंवा ‘पीसीएम’ निवडा आणि ‘नाइट मोड’ असेल तर चालू करा. तो मोठे आवाज खाली आणतो आणि बारीक आवाज वर उचलतो. फक्त सुरुवातीच्या नावांच्या वेळी नाइट मोड बंद असू द्या. ज्वाळांतून उठणारे ते बोधचिन्ह, ती आरोळी आणि ‘द इमॉर्टल्स’ या बेल्जियन जोडीचे ते टेक्नो संगीत पूर्ण आवाजात ऐकल्याशिवाय या चित्रपटाला बसूच नये.

प्रश्न : आमच्या घरात तालमीची परंपरा आहे. आम्हाला यातली मारामारी खोटी वाटते, तरी लोक तिचे कौतुक करतात. नेमके काय पाहायचे? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाहायचे ते पाय, आणि माणूस जमिनीवर कसा पडतो ते. ल्यू कँगचे काम करणारे रॉबिन शू हे हाँगकाँगच्या चित्रपटांतून आलेले, वुशू ही चिनी युद्धकला शिकलेले. स्कॉर्पियनच्या मुखवट्यामागचे ख्रिस कॅसमासा हे कराटेपटू. रेप्टाइलच्या मानवी रूपातले कीथ कुक हेही कसलेले लढवय्ये. त्यामुळे जिथे हे तिघे आहेत तिथे कॅमेरा मागे जाऊ शकतो. डोक्यापासून पायापर्यंत दोन्ही माणसे चौकटीत, आणि एका तुकड्यात तीन-चार वार. जिथे नट कसलेला नाही तिथे कॅमेरा जवळ येतो, तुकडे छोटे होतात आणि कोणी कोणाला मारले हे आवाजावरून समजून घ्यावे लागते. हा फरक एकदा डोळ्यांना कळला की चित्रपटातली कुठली लढत मनापासून बसवली आहे आणि कुठली नुसती उरकली आहे, हे तुम्हीच सांगाल. तालमीतल्या डोळ्यांना तर ते लगेच दिसेल.

सर्वांत सरस लढत ल्यू कँग आणि रेप्टाइलची. तिची हकिगतही सांगण्यासारखी आहे. चित्रपट तयार झाल्यावर निवडक प्रेक्षकांना दाखवला, तेव्हा लढती कमी पडतात अशी तक्रार आली, आणि मग ही लढत नव्याने चित्रित करून जोडली. तिच्या रचनेत रॉबिन शूंचा हात होता. पाहताना बघा, इथे वार एकेरी येत नाहीत. ठोसा अडवला की त्याच हाताने कोपर, कोपर चुकले की गुडघा, अशी साखळी लागते आणि प्रत्येक पडण्याला वजन असते. भिंतीवर आदळलेला माणूस क्षणभर थांबतो, श्वास घेतो, मग उठतो. तो क्षण कापला नाही म्हणून लढत खरी वाटते.

दुसरी पाहण्याजोगी जॉनी केज आणि स्कॉर्पियनची. ती झाडांच्या सरळ रांगांमध्ये सुरू होते आणि तिथून एकदम पाताळात जाते. पहिला भाग पळापळीचा आहे. स्कॉर्पियनच्या तळहातातून सुटणारा भाला जिवंत सापासारखा झाडांमधून वळतो. तो संगणकावर काढलेला आहे आणि आज तसाच दिसतो. दुसऱ्या भागात लाकडी माच्यांवर दोघे अंगाशी भिडतात, ते आजही टिकून आहे. पार्श्वभूमीला ‘फिअर फॅक्टरी’ या मेटल बँडचे जड गिटार आहे, आणि वारांची लय त्याच्याशी जुळवलेली आहे.

सोन्या आणि केनोची लढत छोटी आहे, पण तिचा शेवट तुम्हाला आवडेल. खाली पडलेली सोन्या पायांची कात्री त्याच्या मानेला घालते. गेममध्येही पायांनी पकडून फेकणे हा तिचा ठरलेला डाव होता. याउलट सब-झीरो या समोरच्याला गोठवणाऱ्या योद्ध्याची लढत डावपेचांची नाही, कोड्याची आहे. त्याच्या गारठ्यासमोर कोणताच वार चालत नाही. आउटवर्ल्डची राजकन्या किताना हिने आधी दिलेली खूण आठवून ल्यू कँग पाण्याची बादली फेकतो, आणि ते पाणी सब-झीरोच्याच थंडीने गोठून सुळा बनते. इथे मारामारीची अपेक्षा ठेवली तर हिरमोड होईल.

एक कमतरता मात्र मान्य करायला हवी. शेवटची शांग त्सुंगशी लढत त्याआधीच्या लढतींच्या तोडीची नाही. कॅरी-हिरोयुकी तागावा हे अभिनयाने भारी पडतात, नुसत्या नजरेने आणि आवाजाने पडदा व्यापतात, पण शूंच्या बरोबरीने पाय चालवणे हे त्यांचे काम नव्हते. म्हणून तिथे कॅमेरा पुन्हा जवळ येतो.

प्रश्न : गोरो रबराचा वाटतो. त्या काळी याहून चांगले जमत नव्हते का? – वाचक, मडगाव

उत्तर : तो रबराचाच आहे, आणि आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. ‘अमाल्गमेटेड डायनॅमिक्स’ या अमेरिकी कार्यशाळेने तो पोशाख बनवला, आणि आत टॉम वुड्रफ ज्युनिअर होते. ओठ, भुवया आणि गाल यांच्या हालचाली आत बसवलेल्या यंत्रांनी व्हायच्या, आणि ती यंत्रे पोशाखाबाहेरची माणसे चालवायची. असा पोशाख जड असतो, आतल्या माणसाला नीट दिसत नाही, आणि सगळ्यांचा मेळ बसेपर्यंत एकेक दृश्य पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. गोरो फार हलत नाही, बहुतेक वेळा कमरेच्या वरूनच दिसतो, त्याचे कारण हे.

आता त्याच चित्रपटातल्या संगणकी सरड्याशी त्याची तुलना करा. सरड्यावर पडलेला उजेड आजूबाजूच्या दगडांवरच्या उजेडाशी जुळत नाही आणि पाय टेकतात तिथे नीट सावली नाही, म्हणून तो चित्रावर चिकटवल्यासारखा दिसतो. गोरोवर पडलेला उजेड मात्र तिथल्याच दिव्यांचा आहे, आणि समोरचा नट त्याच्याकडे पाहतो तेव्हा खरोखर कशाकडे तरी पाहत असतो. गेममधला गोरोही हाताने घडवलेलाच होता. बाकीचे योद्धे खऱ्या माणसांचे चित्रण करून गेममध्ये आणले होते, गोरोचा मात्र पुतळा करून तो थोडा थोडा हलवत टिपला होता.

जागांकडेही लक्ष द्या. बाहेरची पुष्कळ दृश्ये थायलंडमध्ये घेतली आहेत. रेडन भेटतो ते मंदिर म्हणजे अयुथ्थया इथले वाट चाईवत्थनाराम, १६३० मध्ये उभारलेले, मध्यभागी उंच शिखर असलेले. दगड खरा आहे, ऊन खरे आहे. आतल्या गुहा आणि दालने लॉस एंजेलिस परिसरात उभारली होती.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीला दाखवावा का? गेम फार रक्तबंबाळ होता म्हणतात. – वाचक, औरंगाबाद

उत्तर : गेम होताच. १९९३ मध्ये त्याच्यावरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि १९९४ मध्ये गेमना वयोगट देणारी ईएसआरबी ही यंत्रणा तिथे उभी राहिली. चित्रपट मात्र मुद्दाम सौम्य केला. त्याला पीजी-१३ दर्जा मिळाला, म्हणजे तेराखालच्या मुलांच्या पालकांना इशारा. रक्त जवळजवळ दिसत नाही, पण माणसे मरतात. आधी एकट्याने पाहा. सुरुवातीलाच ल्यू कँगच्या भावाचा मृत्यू, मेजवानीत सब-झीरोने गोठवून फोडलेला सैनिक, केनोची मान मोडणे, स्कॉर्पियन मुखवटा काढतो तेव्हाची जळती कवटी, गोरोकडून हरून जीव गमावणारा पृथ्वीचा योद्धा आर्ट लीन, आणि शेवटी सुळ्यांवर पडणारा शांग त्सुंग, या सहा जागा तपासा. आमचे मत विचाराल तर कवटी आणि आर्ट लीन या दोन जागा दहा वर्षांच्या मुलीला जड जातील. तिथे रिमोट हातात ठेवा किंवा दोन वर्षे थांबा.

प्रश्न : हा आवडला. आता १९९३चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’चा दुसरा भाग पाहू का? – वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मारिओ पाहा, पण गेम विसरून. रॉकी मॉर्टन आणि अ‍ॅनाबेल जँकल यांनी गेमच्या रंगीत जगाऐवजी डायनोसॉरच्या वंशजांचे अंधारे शहर उभे केले. ते नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनजवळच्या बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यात, रचनाकार डेव्हिड स्नायडर यांच्या देखरेखीखाली बांधले होते. कथेचा धागा वारंवार सुटतो, म्हणून तो पकडत बसू नका. शहर पाहा. डोक्यावरच्या जाळीतून वीज घेत ठिणग्या उडवत जाणाऱ्या गाड्या, भिंतींवरून लोंबणारी बुरशी, प्रचंड धडावर इवलेसे डोके असलेले गूम्बा, आणि योशी नावाची यांत्रिक बाहुली. बॉब हॉस्किन्स मारिओचे काम मन लावून करतात.

‘मॉर्टल कॉम्बॅट’चा दुसरा भाग १९९७चा. पहिल्याचे छायालेखक जॉन लिओनेटी यांनी तो दिग्दर्शित केला. मुख्य नटांपैकी रॉबिन शू आणि किताना झालेल्या टॅलिसा सोटो हे दोघेच राहिले, बाकीचे बदलले. पात्रे इतकी वाढवली की एकेकाला धड एक लढतही मिळत नाही, आणि संगणकी दृश्ये पहिल्याहून कच्ची आहेत. त्यापेक्षा १९९४चा ‘स्ट्रीट फायटर’ घ्या. तिथल्या लढती सामान्य आहेत, पण खलनायक बायसन झालेले राउल जुलिया आजारी असतानाही असे काही उभे राहतात की बाकीचे सगळे फिके पडतात. ते ऑक्टोबर १९९४ मध्ये गेले आणि चित्रपट डिसेंबरात लागला. त्यांची दृश्ये मूळ इंग्रजी आवाजातच ऐका, डब केलेल्या प्रतीत त्यांचे निम्मे काम हरवते.